अमेरिकी प्रायमरीचे सुरुवातीचे पोल: जुन्या निवडणुकांशी तुलना करताना नेमकं काय धरायचं?

सातरस्ता (प्रश्न):

नमस्कार मंडळी. सोलापुरात आमचं एक छोटं अभ्यास मंडळ आहे, रविवारी सकाळी बसतो. पुढच्या बैठकीचा विषय आहे अमेरिकेतल्या अध्यक्षपदाच्या उमेदवारीची लढत. आपल्याकडे तिकीट कुणाला हे मुंबई-दिल्लीत ठरतं, कार्यकर्त्याला यादी आल्यावर कळतं. तिथं पक्षाचे मतदारच राज्याराज्यांत प्रायमरीत, म्हणजे पक्षांतर्गत मतदानात, मत देऊन उमेदवार ठरवतात आणि त्याआधी वर्षभर पोल चालू असतात. २०२८ चे तर आत्ताच येऊ लागलेत. हे आकडे कितपत धरायचे ते दाखवायला १९७२ ते २०२४ पर्यंतचे सुरुवातीचे पोल एका शीटवर एकाशेजारी मांडायचं ठरलंय.

शीट उघडली आणि अडलो. तारीख कुठली धरायची? मी सरसकट आदल्या वर्षाचा १ नोव्हेंबर धरला होता, पण आकडे विचित्र दिसतात. दुसरं, २००३ च्या सुरुवातीला जो लिबरमन पुढे, २००७ भर रुडी जुलियानी पुढे, दोघांच्याही हाती काही लागलं नाही. उलट १९९५ ला बॉब डोल आणि १९९९ ला धाकटे बुश पुढे होते, त्यांना उमेदवारी मिळाली. मग यात काही नियम आहे की नाही? तिसरं अगदी साधं आहे: जुन्या तक्त्यांत काही नावांपुढे तारांकन आहे, काहींपुढे आडवी रेघ. दोन्हीकडे शून्य भरू का?

आकडेमोड:

शून्य भरू नका, आधी ते थांबवा. बहुतेक तक्त्यांत तारांकनाचा अर्थ असा की नाव विचारलं होतं, पण पाठिंबा अर्ध्या टक्क्याच्या आत आला. तिथं ०.२५ भरा, सरासरी बिघडत नाही. आडवी रेघ म्हणजे बहुधा ते नाव त्या पोलमध्ये वाचून दाखवलंच नव्हतं. ती चौकट रिकामी ठेवायची. एक्सेलचं सरासरीचं सूत्र रिकामी चौकट सोडून देतं, शून्य मात्र मोजतं. समजा पाच पोलपैकी दोनच पोलमध्ये एखाद्याचं नाव होतं आणि दोन्हीत त्याला ६ टक्के मिळाले. रेघांच्या जागी शून्य भरलंत तर सरासरी २.४, रिकामं ठेवलंत तर ६. उशिरा मैदानात उतरलेला माणूस अशानं उगाच पडलेला दिसतो. खुणा मात्र संस्थेगणिक बदलतात, काही जण शून्यालाच रेघ मारतात. तक्त्याखालची बारीक टीप वाचल्याशिवाय एकही चौकट भरू नका.

आता तारीख. कॅलेंडर जुळवू नका, पहिल्या मतदानाला किती दिवस उरलेत ते जुळवा. आयोवा राज्याचा कॉकस (पक्षाचे मतदार सभेला जमून पसंती ठरवतात तो) बहुतेक वेळा पहिला असतो, आणि तो जानेवारीतल्या आपल्या गड्ड्याच्या यात्रेच्या आगेमागे येतो एवढं लक्षात ठेवलं तरी अंदाज राहतो. पण नेमका दिवस दर खेपेला हलतो: १९७२ ला २४ जानेवारी, १९७६ ला १९ जानेवारी, १९८० ला २१ जानेवारी, १९८४ ला २० फेब्रुवारी, १९८८ ला ८ फेब्रुवारी, १९९२ ला १० फेब्रुवारी, १९९६ ला १२ फेब्रुवारी, २००० ला २४ जानेवारी, २००४ ला १९ जानेवारी, २००८ आणि २०१२ ला थेट ३ जानेवारी, २०१६ ला १ फेब्रुवारी, २०२० ला ३ फेब्रुवारी, २०२४ ला १५ जानेवारी. तुमचा १ नोव्हेंबर घ्या. १९८३ चा १ नोव्हेंबर मतदानापासून १११ दिवस लांब होता, २००७ चा फक्त ६३ दिवस. शीटवर दोन्ही एकाच ओळीत, पण मधे दीड महिन्याहून थोडं जास्त अंतर. आपल्या जिल्ह्यात पिकाची नजर पैसेवारी (पहिला अंदाज) आणि अंतिम पैसेवारी दोन्ही पैशातच लिहितात, म्हणून कुणी त्या एका रकान्यात भरत नाही. इथंही तेच.

मी दोन कप्पे ठेवायला सांगेन. एक, आयोवाच्या आधी ३६५ ते १८० दिवस. दुसरा, १८० ते ३० दिवस. शेवटचा महिना वेगळ्या शीटवर टाका, कारण तेव्हा जाहिराती, वादसभा, राज्यातला प्रचार सगळं जोरात असतं आणि तो पोल 'सुरुवातीचा' राहत नाही. पोलची तारीख म्हणजे तो छापून आला तो दिवस नव्हे. मुलाखती सुरू झाल्या आणि संपल्या त्या दोन तारखांच्या मधला दिवस धरा. मासिकात आलेले जुने पोल छापून यायला आठवडा-दोन आठवडे लागायचे.

एका संस्थेचा एका महिन्यात एकच पोल घ्या, महिन्यातला शेवटचा. अलीकडे काही संस्था दर आठवड्याला ऑनलाइन पोल काढतात. ते सगळे भरलेत तर तुमची सरासरी म्हणजे त्या एकाच संस्थेचं मत होऊन बसेल. १९७६ किंवा १९८४ साठी महिन्याला मोजकेच पोल सापडतात, २०१६ आणि २०२० साठी डझनांनी. त्यामुळे जुनी रेष दातेरी आणि नवी रेष गुळगुळीत दिसेल. ते मतदारांचं चंचलपण नाही, नमुन्यांच्या संख्येचा परिणाम आहे. आलेखाखाली हे लिहाच.

एकाच संस्थेवर भिस्त ठेवायची तर गॅलप ही जुनी पोल संस्था मोहात पाडते, कारण त्यांची मालिका लांबलचक आहे. पण प्रायमरीत कोण पुढे कोण मागे हे मोजणं गॅलपनं २०१५ मध्ये थांबवलं. मालिका तिथं तुटते, म्हणून २०१६ पासून अनेक संस्थांच्या सरासरीवर जावंच लागतं. हा सांधा शीटवर जाड रेघेनं दाखवा.

आणि जे लढलेच नाहीत त्यांचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण अडणार आहात. १९९१ मध्ये डेमोक्रॅटिक पोलमध्ये न्यूयॉर्कचे गव्हर्नर मारिओ क्युओमो पुढे असायचे. २० डिसेंबर १९९१ ला त्यांनी उभं राहणार नाही म्हणून सांगितलं. १९९५ मध्ये रिपब्लिकन यादीत कॉलिन पॉवेल होते, ८ नोव्हेंबरला नाही म्हणाले. २०१५ मध्ये जो बायडेन २१ ऑक्टोबरपर्यंत यादीत होते. अशांची टक्केवारी बाकीच्यांत प्रमाणात वाटून टाकू नका. बायडेनची मतं प्रमाणात वाटली जातात असं मानायला आधार काय? काही संस्था तोच पोल दोनदा छापतात, त्या नावासकट आणि ते नाव वगळून, वगळलेल्यांची दुसरी पसंती बाकीच्यांत मिळवून. दुसरा तक्ता असेल तर तो घ्या. नसेल तर आहे तसा ठेवा आणि चौकटीला रंग द्या.

माळढोक:

आकडेमोड यांनी हत्यारं दिली, मी दुसऱ्या प्रश्नाला हात घालतो, कारण सगळी गंमत तिथं आहे.

आधी १९७२ पासूनच का, ते मंडळात सांगा. १९६८ मध्ये ह्यूबर्ट हम्फ्री एकही प्रायमरी न लढता उमेदवार झाले. तेव्हा डेलिगेट (पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडणारे प्रतिनिधी) पक्षाच्या पुढाऱ्यांच्या मुठीत असायचे. त्या वर्षीच्या अधिवेशनात जो गोंधळ झाला त्यानंतर मॅकगव्हर्न-फ्रेझर आयोगानं नियम बदलले आणि मतदाराच्या हातात खरी सूत्रं आली. त्याआधीचे पोल या शीटवर आणायचेच नाहीत, खेळच वेगळा होता.

आता सुरुवातीच्या पोलमध्ये पुढे कोण असतो? ज्याचं नाव लोकांनी ऐकलंय तो. फोनवर दहा नावं वाचली जातात, त्यातली सातेक नावं लोकांनी कधी ऐकलेली नसतात. नवी पेठेत उभं राहून दुसऱ्या जिल्ह्यातल्या दहा आमदारांची नावं वाचून पसंती विचारली तर जे उत्तर येईल, त्याच जातीचं हे उत्तर. लिबरमन २००० मध्ये उपाध्यक्षपदाचे उमेदवार होते, म्हणून २००३ च्या सुरुवातीला पुढे. जुलियानींचं नाव ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर घराघरात पोचलं होतं. १९७१ मध्ये एडमंड मस्की पुढे होते, तेही १९६८ चे उपाध्यक्षपदाचे उमेदवार. उमेदवारी मिळाली ती मॅकगव्हर्न यांना, ते तेव्हा एक आकडी टक्क्यांत अडकलेले. १९७५ मध्ये जिमी कार्टर जेमतेम एक-दोन टक्क्यांवर. १९९१ मध्ये बिल क्लिंटन एक आकडी. हे दोघेही शेवटी उमेदवार झाले. २००३ च्या डिसेंबरात हॉवर्ड डीन आघाडीवर आणि जॉन केरी देशपातळीवर एक आकडीपर्यंत घसरलेले. १९ जानेवारीला आयोवात केरी ३८, एडवर्ड्स ३२, डीन १८. सहा आठवड्यांत चित्र पालटलं, उमेदवारी केरींना मिळाली.

सगळ्यात बोलकं उदाहरण गॅरी हार्ट यांचं, ते शीटवर नक्की घ्या. १९८७ च्या सुरुवातीला ते डेमोक्रॅटिक पक्षात पहिले. मे महिन्यात विवाहबाह्य संबंधांचं प्रकरण बाहेर आलं, माघार घेतली. डिसेंबरात परत उतरले आणि देशपातळीवरच्या पोलमध्ये लगेच पुन्हा वर. संघटना नाही, पैसा नाही, फक्त ओळखीचं नाव. न्यू हॅम्पशर या सुरुवातीच्या राज्याच्या प्रायमरीत मिळाली ४ टक्के मतं. त्या डिसेंबरच्या आकड्यात पाठिंबा किती आणि नुसती ओळख किती, याचं याहून स्वच्छ मोजमाप मला दुसरं माहीत नाही.

म्हणून प्रत्येक उमेदवारापुढे दोन रकाने हवेत: पोलमधली टक्केवारी, आणि किती टक्के मतदारांना हा माणूस माहीत आहे. 'या व्यक्तीबद्दल तुमचं मत चांगलं, वाईट की माहीत नाही' हा प्रश्न बहुतेक संस्था विचारतात. चांगलं आणि वाईट यांची बेरीज म्हणजे ओळख. एक उमेदवार ३० टक्क्यांवर आणि ९५ टक्क्यांना माहीत; दुसरा १२ टक्क्यांवर आणि ३० टक्क्यांनाच माहीत. ३० ला ०.९५ नं भागा, ३१.६ येतात. १२ ला ०.३० नं भागा, ४० येतात. दुसऱ्याला वर चढायला जागा आहे, पहिल्याला फारशी नाही.

आता नियमाबद्दल. ओळख सगळीकडे, टक्केवारीही भक्कम आणि महिनोन्‌महिने तशीच, असं असेल तर तो बहुधा टिकतो: १९७९ चे रेगन, १९९५ चे डोल, १९९९ चे बुश आणि गोर, २०१५ च्या हिलरी क्लिंटन, २०२३ चे ट्रम्प. डोल न्यू हॅम्पशरला पॅट ब्युकॅननकडून हरले, धाकटे बुश तिथंच मॅकेनकडून जवळपास १८ टक्क्यांनी हरले, तरी उमेदवारी त्यांचीच. ओळख सगळीकडे पण टक्केवारी पंचवीस-तिशीतच रेंगाळतेय, तर तो कच्चा. जुलियानी तसेच होते. त्यांनी सुरुवातीची राज्यं सोडून फ्लोरिडावर सगळं लावलं, तिथं २९ जानेवारी २००८ ला तिसरे आले आणि दुसऱ्या दिवशी बाहेर पडले.

एकच सूचना. विद्यमान अध्यक्ष लढत असतील ती वर्षं वेगळ्या ओळीत ठेवा. १९७९ च्या उन्हाळ्यात टेड केनेडी कार्टर यांच्या जवळपास दुप्पट होते. ४ नोव्हेंबरला तेहरानमध्ये ओलीस प्रकरण घडलं, लोक अध्यक्षांच्या मागे उभे राहिले, आयोवात कार्टर ५९ आणि केनेडी ३१. ही उलथापालथ ओळखीनं समजत नाही, केनेडींना न ओळखणारा अमेरिकेत कोण होता?

कंबरतलाव:

थोडं गणित, कारण मंडळात कुणीतरी 'पोल चुकला' म्हणणारच.

देशभरात १,००० लोकांना विचारलं असं वर लिहिलेलं असतं, पण प्रायमरीचा प्रश्न त्यातल्या एकाच पक्षाच्या लोकांना विचारतात. राहतात साधारण ४००. त्रुटीची मर्यादा, म्हणजे आकडा खऱ्यापेक्षा किती वर-खाली असू शकतो ती हद्द, १,००० वर ३.१ टक्के, ४०० वर ४.९. शिवाय ती एका आकड्याची. दोघांतल्या फरकाची मर्यादा याहून मोठी असते. ४०० जणांत एकाला २८ आणि दुसऱ्याला २२ मिळाले, तर ६ टक्क्यांच्या त्या आघाडीची त्रुटी ६.९ येते. म्हणजे ती आघाडी आहे असंही ठामपणे म्हणता येत नाही. आणि नमुन्याला वजनं देऊन जुळवलेलं असतं, त्यामुळे खरी त्रुटी या सूत्रापेक्षा थोडी जास्तच.

तळाच्या नावांना वेगळा हिशोब. ४०० जणांत ३ टक्के मिळाले तर त्रुटी १.७, म्हणजे तो माणूस १.३ वरही असू शकतो आणि ४.७ वरही. असे पाच पोल एकत्र केले तर ती पाऊण टक्क्यावर येते. हे बारीक वाटतं, पण यावर माणसं आत-बाहेर झाली आहेत. ६ ऑगस्ट २०१५ च्या रिपब्लिकन पक्षाच्या पहिल्या वादसभेला पाच राष्ट्रीय पोलच्या सरासरीनं पहिले दहा घेतले. जॉन केसिक आत, रिक पेरी बाहेर. दोघांतलं अंतर त्रुटीच्या कितीतरी आत होतं. २०१९ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षानं तीन पोलमध्ये १ टक्का किंवा ६५,००० देणगीदार अशी अट ठेवली, त्यामुळे निदान दुसरं दार उघडं राहिलं. म्हणजे २०१५ पासून पुढे सुरुवातीचा पोल नुसता मोजत नाही, लढत घडवतोही. जुन्या वर्षांशी तुलना करताना हे ध्यानात असू द्या.

सातरस्ता:

तिघांचेही मनापासून आभार. रेघांचे शून्य काढले तर १९७५ चं पान लगेच सरळ झालं. अजून एक विचारतो. देशपातळीच्या पोलपेक्षा सरळ आयोवा आणि न्यू हॅम्पशरचेच पोल घ्यावेत का? शेवटी मत तिथंच पडतं.

माळढोक:

घ्या, पण वेगळ्या पानावर. वर्षभर आधीचा आयोवाचा पोलही नावाच्या ओळखीवरच चालतो. फरक पडतो शेवटच्या सहा-आठ आठवड्यांत, कारण उमेदवार तिथं गावोगाव फिरत असतात आणि देशाच्या आधी तिथल्यांना माणूस कळतो. २००७ च्या शरदात हिलरी क्लिंटन देशात वीसेक टक्क्यांनी पुढे होत्या, आयोवात मात्र तिघांची चुरस होती. ३ जानेवारीला ओबामा ३७.६, एडवर्ड्स २९.७, क्लिंटन २९.४.

अडचण ही की कॉकसला कोण येणार हे ओळखणं फार अवघड. प्रायमरीत मत टाकून घरी जायचं असतं, कॉकसला थंडीत संध्याकाळी ठरल्या वेळी जाऊन बसावं लागतं. २००४ ला डेमोक्रॅटिक कॉकसला सव्वा लाखाच्या आसपास लोक आले होते, २००८ ला जवळपास दोन लाख चाळीस हजार. जुन्या हजेरीवरून 'येणारा मतदार' ठरवणाऱ्या संस्था तिथं फसल्या. ॲन सेल्झर यांनी डे मॉइन रजिस्टर या वर्तमानपत्रासाठी केलेल्या शेवटच्या पोलमध्ये ओबामा ३२, क्लिंटन २५, एडवर्ड्स २४ होते आणि येणाऱ्यांपैकी ६० टक्के पहिल्यांदाच येणारे होते. तेव्हा त्यावर पुष्कळ टीका झाली. निकालानं तो पोल बरोबर ठरवला.

त्याच वर्तमानपत्राचा २०११ च्या डिसेंबर अखेरचा पोल तर मंडळात फळ्यावर काढून दाखवा. चार दिवसांच्या मुलाखतींत रॉम्नी २४, रॉन पॉल २२, रिक सँटोरम १५. पण फक्त शेवटचे दोन दिवस वेगळे काढले तर सँटोरम २१. निकालात आधी रॉम्नी ८ मतांनी पुढे म्हणून जाहीर झालं, नंतर मोजणी पक्की झाली तेव्हा सँटोरम ३४ मतांनी पुढे निघाले. सरासरीच्या पोटात चढता कल कसा दडतो ते यात एका नजरेत दिसतं. पोल दिवसवार फोडून दिला असेल तर ते आकडे टिपून ठेवा.

आणि पोल कशा क्षुल्लक गोष्टीनं बिघडतो त्याचाही नमुना तिथलाच. १ फेब्रुवारी २०२० ला रजिस्टर आणि सीएनएनचा शेवटचा आयोवा पोल टीव्हीवर यायचा होता. तो ऐनवेळी रद्द केला. मुलाखत घेणाऱ्या एकानं आपल्या स्क्रीनवर अक्षरांचा आकार वाढवला होता, त्यामुळे पीट बुटिजेज यांचं नाव यादीतून कापलं जात होतं. किती मुलाखतींत तसं झालं याची खात्री देता येईना, म्हणून पोलच मागे घेतला. हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. नावांचा क्रम दर फोनला फिरवतात, सगळी नावं वाचतात, हे नुसते सोपस्कार नाहीत. एक नाव गळलं की सगळे आकडे हलतात.

राज्याचे पोल सपशेल चुकल्याची दोन वर्षंही घ्या. न्यू हॅम्पशर २००८: सरासरीत ओबामा आठेक टक्क्यांनी पुढे, निकाल क्लिंटन ३९, ओबामा ३६. पोलवाल्यांच्या संघटनेनं समिती नेमून अहवाल काढला. बऱ्याच संस्थांनी मतदानाच्या आधीच फोन थांबवले आणि उशिरा ठरवणारे क्लिंटनकडे गेले, हे त्यातलं एक कारण. मिशिगन २०१६: क्लिंटन सरासरीत वीसेक टक्क्यांनी पुढे, जिंकले सँडर्स, दीडेक टक्क्यानं. २००८ ला मिशिगनच्या मतपत्रिकेवर ओबामांचं नावच नव्हतं, त्यामुळे 'इथं कोण मत देतं' याचा धड जुना आधार कुणाकडे नव्हता, आणि तरुण व अपक्ष मतदार कमी धरले गेले.

जुनीमिल:

माळढोक, बाकी सगळं पटलं, पण तो भागाकार मंडळात तसाच मांडू नका, मुलं सूत्र म्हणून पाठ करतील. दोन ठिकाणी तो दगा देतो.

ज्याला ३० टक्केच लोक ओळखतात, ते ३० टक्के कोण? त्याच्या राज्यातले आणि राजकारण बारकाईनं वाचणारे. उरलेले ७० टक्के त्याला ओळखू लागले की तितक्याच प्रमाणात पसंत करतील, हे गृहीतच चुकीचं. ४० हा आकडा वरची हद्द म्हणून वाचा, भाकीत म्हणून नको.

दुसरं म्हणजे २०१५ चे ट्रम्प. मे महिन्यात त्यांना न ओळखणारा मतदार नव्हता, पोलमध्ये मात्र ते तीन-पाच टक्क्यांत, आणि रिपब्लिकन मतदारांतही नापसंती पसंतीपेक्षा जास्त. भागाकारानं ते केव्हाच बाद झाले असते. १६ जूनला उतरले, जुलैत पहिले, आणि त्यांच्याच पक्षातली नापसंती काही आठवड्यांत पसंतीत बदलली. म्हणून दोन रकाने पुरे नाहीत, तिसरा हवा: स्वपक्षातली पसंती वजा नापसंती, आणि ती महिन्यागणिक. टक्केवारीच्या आधी बहुधा हा रकाना हलतो. नोव्हेंबरात बेन कार्सन बरोबरीला आले, काही पोलमध्ये पुढेही गेले, आयोवा टेड क्रूझ यांनी २७.६ विरुद्ध २४.३ असा घेतला, तरी जुलैनंतरचा ट्रम्प यांचा तळ हलला नाही.

तळ बघणं हे मला शिखर बघण्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं. २०११ मध्ये पेरी, हर्मन केन, गिंग्रिच आणि पुढे फेब्रुवारीत सँटोरम असे एकामागून एक वर चढले आणि उतरले. रॉम्नी मात्र वीस-पंचवीसच्या पट्ट्यात कायम. पेरी १३ ऑगस्टला उतरले तेव्हा एकदम पहिले, सप्टेंबरअखेर घसरण सुरू. तुम्ही फक्त सप्टेंबरचा पोल टिपलात तर उमेदवार पेरी दिसतील. म्हणून प्रत्येक कप्प्यात सरासरीबरोबर त्या कप्प्यातला सर्वात कमी आणि सर्वात जास्त आकडाही लिहा. वर्षभरात ज्याचं कमी आणि जास्त यांतलं अंतर लहान, तो एखादं राज्य हरला तरी उभा राहतो. २०१९ चे बायडेन बघा. ऑक्टोबरात एलिझाबेथ वॉरन बरोबरीला आल्या, आयोवात बायडेन चौथे, न्यू हॅम्पशरला पाचवे. पण कृष्णवर्णीय मतदारांतला त्यांचा तळ साउथ कॅरोलिनाला शाबूत होता. २९ फेब्रुवारीला ४८ टक्क्यांच्या वर मतं घेतली, १ मार्चला बुटिजेज आणि २ मार्चला क्लोबुशार बाहेर पडले, ३ मार्चला सुपर ट्यूजडे, म्हणजे बऱ्याच राज्यांचं एकाच दिवशी मतदान. या तीन दिवसांतला बदल पकडायला बहुतेक पोलना वेळ मिळाला नाही.

आकडेमोड:

जुनीमिल यांचं बरोबर आहे, तिसरा रकाना घ्याच. सातरस्ता, मग शीट अशी होईल: एका ओळीत एक उमेदवार, एक वर्ष, एक कप्पा. रकाने: पक्ष, विद्यमान अध्यक्ष लढतीत आहेत की नाही, पोलची संख्या, सरासरी, सर्वात कमी, सर्वात जास्त, ओळख, स्वपक्षातली पसंती वजा नापसंती, शेवटी उमेदवारी मिळाली का. जिथं ओळखीचा आकडा सापडत नाही, आणि १९८० च्या आधी तो बऱ्याच ठिकाणी सापडणार नाही, तिथं अंदाजानं भरू नका. 'आधी देशपातळीवर लढलेला' आणि 'न लढलेला' एवढीच खूण करा, निम्मं काम त्यानं होतं.

'अजून ठरवलं नाही' म्हणणाऱ्यांचा रकाना वेगळा राखा. एक संस्था लोकांना खोदून विचारते, 'तरी झुकतं माप कुणाकडे', तिच्याकडे अनिश्चित ५ टक्के राहतात. दुसरी पहिल्याच उत्तरावर थांबते, तिच्याकडे २५. दोघांत पहिल्या उमेदवाराचा आकडा ३५ आणि २८ दिसला तर तो बदल मतदाराचा नाही, प्रश्नाचा आहे.

डेमोक्रॅटिक बाजूला १५ टक्क्यांची एक आडवी रेघ आलेखावर ओढा. राज्यात किंवा मतदारसंघात १५ च्या खाली राहिलेल्याला डेलिगेट मिळत नाहीत. पाच जण १२-१४ वर असतील आणि एक जण २८ वर, तर पोलमध्ये चुरस दिसते पण डेलिगेट जवळपास सगळे एकाकडे जातात. आयोवाच्या कॉकसमध्ये १५ च्या खालच्यांचे समर्थक दुसऱ्या गटात जाऊन बसायचे, म्हणून तिथं दुसऱ्या पसंतीचा आकडा असेल तर तोही टिपा.

२०२८ बद्दल. रिपब्लिकन यादीत व्हान्स आणि डेमोक्रॅटिक यादीत हॅरिस, न्यूसम, बुटिजेज ही नावं वर दिसतील. त्यांना पहिल्या कप्प्यातही टाकू नका, तो ३६५ दिवसांपासून सुरू होतो. 'कप्प्याबाहेर' असं वेगळं पान करा आणि त्यावर २००५ आणि २०१३ चे तितक्याच आधीचे पोल शेजारी लावा, कारण त्या दोन्ही वेळीही विद्यमान अध्यक्षांना पुन्हा उभं राहता येत नव्हतं. दिवस मोजताना डेमोक्रॅटिक पक्षासाठी आयोवा धरू नका. २०२४ ला त्यांनी पहिला मान साउथ कॅरोलिनाला दिला, ३ फेब्रुवारीला. न्यू हॅम्पशरनं तरीही २३ जानेवारीला मतदान घेतलं आणि तिथं बायडेन यांचं नाव मतपत्रिकेवर नसताना लोकांनी हातानं लिहून त्यांना जिंकवलं. तेव्हा वर्षाप्रमाणे आणि पक्षाप्रमाणे 'दिवस शून्य' (पहिल्या मतदानाचा दिवस) ची चौकट शीटच्या वरच ठेवा आणि सगळ्या तारखा त्या चौकटीतून वजा करा. वेळापत्रक पक्कं झालं की तेवढी एक चौकट बदलायची, बाकी शीट आपोआप सरकेल. एक्सेल १९०० च्या आधीच्या तारखा घेत नाही, तो प्रश्न तुम्हाला नाही, पण '७५' असं दोन आकडी वर्ष टाकू नका, चारही आकडे लिहा.

सातरस्ता:

दिवस शून्यची चौकट केली. १९८४ आणि २००८ आता नीट जुळले. हार्ट यांचं १९८७ चं पान आज रात्री भरतो. मे मधली माघार आणि डिसेंबरातली परती यांच्या मधल्या पोलमध्ये त्यांचं नाव काही ठिकाणी आहे, काही ठिकाणी नाही, तिथं रेघ आणि तारांकन तपासून मगच भरेन.

आकडेमोड:

बरोबर. त्या सात महिन्यांची सरासरी काढूच नका, दोन वेगळ्या ओळी करा: माघारीच्या आधीची आणि परतल्यानंतरची.